एस्टोनियाचा सातबारा

रूपराव तलाठी देवळीला नोकरीत होते तेव्हा त्यांची सायकल नुसती शिवारात शिरली तरी शेताशेतांमधले वाकडे धुरे आपसूक सरळ होत, असं म्हणतात. म्हणणारे मुख्यतः रूपरावच. अतिवृष्टीच्या पंचनाम्यात एक उंदीर बिळाबाहेर येऊन "माझं नुकसान किती धरलं, साहेब?" असं विचारून गेला, हेही त्यांनीच सांगितलेलं. आता रिटायर होऊन ते पिपरी मेघेला राहत होते आणि मोजायला काही उरलं नाही म्हणून शेजाऱ्याच्या कुंड्या मोजत होते.

त्यांची नात आचल नकाशे काढण्यात एक नंबर. पण परदेशी शिक्षणाच्या मुलाखतीला बसली की पाठ केलेलं सगळं फुटक्या माठासारखं गळून जायचं. डेन्मार्कवाल्यांसमोर तिनं त्यांची राजधानी नॉर्वेला देऊन टाकली. पोर्तुगालवाल्यांना विचारलं, "तुमची भाषा स्पॅनिशच ना?" दोन्ही दारं बंद झाली. आता एकच उरलं होतं, एस्टोनिया. तिथल्या तार्तू गावात नकाशाशास्त्र शिकायचं, तेही फी माफ. मुलाखत गुरुवारी दुपारी तीनला, कॉम्प्युटरवर. आणि कळवलं होतं की, येताना देशाची प्राथमिक माहिती घेऊन यावी.

सोमवारी संध्याकाळी आचल अंगणात फेऱ्या मारत होती. "राजधानी ताल्लिन, चलन युरो, लोकसंख्या... लोकसंख्या..."

"काय करून राह्यली व?" रूपरावांनी खुर्चीतून विचारलं.

"आबाजी, डोक्यात राह्यतच नाई. आतापर्यंत शंभरदा वाचलं."

"राहीन कसं? ह्याले का माहिती म्हनते? ना चतुःसीमा, ना पोटखराबा! आण तो कागद इकडे."

"घ्या," स्वयंपाकघरातून जिजाबाई, म्हणजे त्यांची बायको, बोलल्या. "चाळीस वर्षं गावाचं डोकं खाल्लं, आता देशाले लागले."

रूपरावांनी ते काही मनावर घेतलं नाही. ते विचारतील ते आचल मोबाईलवर शोधत गेली आणि हे लिहीत गेले. रात्री जेवणाआधी एस्टोनियाचा सातबारा तयार! क्षेत्र सुमारे पंचेचाळीस लाख हेक्टर. पैकी निम्मं जंगल, ते पिकाखाली येत नाही म्हणून पोटखराब्यात. समुद्रातली बेटं दोन हजारांच्या वर, त्यांची नोंद 'पोटहिस्से' अशी. माणसं तेरा-चौदा लाख, म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्याएवढीच. सर्वात उंच टेकडी तीनशे अठरा मीटर, 'चढायला बैल लागत नाही' असा शेरा. फेरफार : १९१८ला मालकी, मधे पन्नास वर्षं ताबा दुसऱ्याचा, १९९१ला ताबा परत. हिवाळ्यात दिवस सहा तासांचा, तिथं त्यांनी लिहिलं, 'सूर्याचं भारनियमन'.

आणि काय सांगावं, राजेहो! जे वेबसाईटवरून शंभर वाचनांत शिरलं नाही ते बुधवारी सकाळी आचलच्या तोंडी होतं. पोर सातबारे बघतच वाढलेली. इतर लेकरं कावळा-चिमणी शिकत होती तेव्हा ही पोटखराबा शिकत होती.

गुरुवारी तीनला आचल लॅपटॉपसमोर बसली. रूपरावांनी दाराआड स्टूल टाकलं. त्यांनी मधे बोलू नये म्हणून जिजाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा भरला.

पडद्यावर काद्री मॅडम आल्या. पांढरे केस, जाड चष्मा. त्यांनी विचारलं, "आमच्या देशाबद्दल काय माहीत आहे?"

आचल सुटली. "पूर्वेला रशिया, दक्षिणेला लाटव्हिया, पश्चिमेला समुद्र, उत्तरेला समुद्र आणि पलीकडे फिनलंड. क्षेत्र, जंगल, पोटहिस्से..." एक आकडा चुकेना. दाराआड रूपरावांची छाती फुगत चालली. "इतर हक्क," आचल म्हणाली, "पूर्वेच्या धुऱ्याचा करार झालेला, दोन्हीकडच्या सह्या झालेल्या, पक्की मंजुरी अजून बाकी."

काद्री मॅडमनी चष्मा काढला.

रूपरावांना वाटलं, संपलं! पोरीनं भांडणाच्या धुऱ्यावर पाय दिला! खर्रा खिडकीतून बाहेर टाकून ते धावले आणि पडद्यात तोंड घालून म्हणाले, "मॅडम, तिची चूक नाई! नोंद माही हाय!"

आचलनं कपाळाला हात लावला, पण भाषांतर केलं. मॅडम पुढे सरकल्या. "तुमच्याकडे दोघांचा धुऱ्यावरून वाद झाला तर तुम्ही काय करता?"

हे विचारायला नको होतं. चाळीस वर्षांत रूपरावांना असं कोणी विचारलं नव्हतं.

"सांगतो ना! दोन भाऊ हातभर धुऱ्यासाठी भांडत होते. मी म्हैस सोडली. म्हनलं, बसन तिथं धुरा."

"आणि म्हैस उठली तर?"

"कशी उठन? तिचं नाव नोंदवलंतं मी!"

आचल सांगत होती, मॅडम डोळे पुसत हसत होत्या. मग त्या म्हणाल्या, "माझ्या आजीच्या शेतात थंडीनं जमीन फुगते आणि खालचे दगड वर येतात. जणू चालत येतात."

"दगड चालते? चालवनारा कोन ते पाह्यलं का?"

असं म्हशीवरून दगडावर आणि दगडावरून भावकीवर चालू असताना पडदा काळा झाला. मुलाखतीचा ठरलेला अर्धा तास संपला. आचलला एकच प्रश्न विचारला गेला होता, बाकी सगळे रूपरावांना.

आचल उठली. लॅपटॉप मिटून आत गेली. जिजाबाई म्हणाल्या, "झालं समाधान? पोरीची मुलाखत तुमीच देऊन आले. आता स्वेटर घाला अन् जा तुमीच एस्टोनियाले!"

त्या दिवशी रूपराव जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याच्या कुंड्याही मोजल्या नाहीत. आठवडाभर त्यांच्या तोंडून एकही उंदीर बाहेर आला नाही. घरात इतकी शांतता की फ्रिजलाही गुरगुरायची लाज वाटावी.

आठव्या दिवशी लॅपटॉपवर पत्र आलं. आचल मोठ्यानं वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा आवाज चढत गेला. "तुमच्या आजोबांची मुलाखत उत्तम झाली, पण त्यांचा अर्ज आमच्याकडे नाही. तुमचा आहे. म्हैस, भावकी आणि पोटखराबा या गोष्टी अर्ध्या तासात, न अडखळता, न चिडता परक्या भाषेत समजावणारी विद्यार्थिनी आम्हाला हवी आहे. प्रवेश मंजूर. फी माफ."

जिजाबाईंनी साखरेचा डबाच आणला आणि पहिली मूठ रूपरावांच्या तोंडात कोंबली. त्यांनी ती गिळली, चष्मा लावला आणि लॅपटॉप वरून, खालून, बाजूनं तपासला.

"ह्याच्यावर शिक्का कुठं हाय?"

"शिक्का नसते तिथं, आबाजी. कर भरनं, मत देनं, सही करनं, सारं घरी बसून कॉम्प्युटरवर. कोनाच्या हपिसात चकराच माराव्या लागत नाई."

रूपराव मटकन खुर्चीत बसले. आपण लिहिलेला सातबारा पुढे ओढून त्या छोट्याशा देशाकडे काळजीनं बघू लागले.

"मंग आचल," ते हळूच म्हणाले, "तिथले तलाठी दिवसभर करते तरी काय व?"