एका ताण्याच्या साड्या

वडगावात सोनाबाईच्या घरी एक रीत होती. मागावर उभ्या धाग्यांचा नवा ताणा चढला की पहिली साडी बाजारात जायची नाही. घराचं ज्यानं भलं केलं त्याच्याकडं ती जायची. एका ताण्यावर निघालेल्या साड्या म्हणजे सख्ख्या बहिणी, अंग तेच, काठ तोच. त्या ज्या बायका नेसतील त्यांचंही आपसात नातं जुळतं, असं सोनाबाईची सासू सांगायची. सोनाबाईनं ते कधी तपासून पाहिलं नाही. देवाच्या गोष्टीसारखं ते तिनं मानलं.

या खेपेला तिनं जांभळ्या अंगाचा, मोरपंखी काठाचा ताणा चढवला तो लेकीच्या नावानं. ऋतिका विद्यापीठात पीएचडी करत होती. मलप्रभा नदीच्या पाण्यातल्या शेवाळावर तिचा अभ्यास चालला होता. शेवाळावर एवढं काय लिहायचं, हे सोनाबाईच्या नवऱ्याला, तम्मण्णाला, अजून उमगलं नव्हतं.

"आमच्या न्हाणीत ये म्हणावं, फुकट बघाय मिळंल," तो म्हणायचा.

"तुमी गप बसा. पोरगी डॉक्टर होणार हाय," सोनाबाई म्हणायची. "तिसरी साडी तिची. त्या दिवशी नेसंल."

"आन् पैल्या दोन?"

"एक सरांच्या बायकोला. जयाबाईंनी तोंडानं मागिटलीय. दुसरी त्या सौम्या मॅडमला."

सर म्हणजे ऋतिकाचे गाईड, मारुतीराव. त्यांच्या सहीशिवाय प्रबंध पुढं सरकत नाही, एवढं सोनाबाईला ठाऊक होतं. सर कडक आहेत, असंही ऋतिका म्हणायची. त्यापलीकडचं तिनं घरात सांगितलं नव्हतं. सरांचे तास तीच घेते, सरांच्या धाकट्या मुलाचा प्रोजेक्ट तिनंच लिहिला, जयाबाईंना बँकेत तीच नेते, आणि तिचं चौथं प्रकरण सरांच्या टेबलावर दिवाळीपासून उघडलं गेलेलं नाही, हे आईला सांगून काय होणार होतं? आईला एवढंच दिसायचं की पोरगी रात्री आढ्याकडं बघत पडते आणि ताटातलं अर्धं जेवण परत जातं.

मग विद्यापीठात संशोधकांसाठी कल्याण केंद्र निघालं. दाराला आकाशी पडदा, आत दोन खुर्च्या आणि सौम्या मॅडम. "इथलं बोलणं या पडद्याबाहेर जात नाही," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि ऋतिका तिथं तासभर रडली. हळूहळू ती झोपायला लागली. एकदा तर जेवताना दुसरी भाकरी मागून घेतली. "तिथं सौम्या मॅडम हैत, त्यांच्याशी तासभर बोललं की बरं वाटतं," एवढंच ती घरी म्हणाली. सोनाबाईला तेवढं पुरेसं होतं. ज्या बाईनं लेकीला जेवायला लावलं, तिची ओटी भरायची नाही तर कुणाची भरायची?

लेकीला न सांगताच ती बसनं विद्यापीठात गेली. साडी बघून सौम्या मॅडम खुर्चीतून उठल्या.

"अय्यो, आई, बेडा, नको! आम्हाला असं घेता येत नाही."

"ओटीला न्हाय म्हनत न्हाईत, बाई. तुमच्यात म्हनत्यात काय?"

त्यांच्यातही म्हणत नव्हते. मॅडमनी पदर पुढं केला.

केंद्राला वर्ष झालं तेव्हा मोठा कार्यक्रम ठरला. कुलगुरू येणार होते, पालकांनाही आमंत्रण होतं. सोनाबाई तम्मण्णाला घेऊन पुढून तिसऱ्या रांगेत बसली. व्यासपीठावर मारुतीराव सर विद्यार्थ्यांच्या मनाच्या आरोग्यावर बोलत होते. "संशोधक हा माझ्या घरातलाच एक," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. सोनाबाईनंही वाजवल्या. तेवढ्यात तिला दिसलं, पुढच्या रांगेत जयाबाई जांभळी साडी नेसून बसल्या होत्या आणि कडेला माईकजवळ सौम्या मॅडम. त्याही जांभळ्यात. सोनाबाईचा ऊर भरून आला.

कार्यक्रमानंतर फोटो निघाले. फोटोवाल्यानं दोन्ही जांभळ्या साड्या बघून ऋतिकाला मधे उभं केलं. ऋतिकाचा चेहरा का उतरलाय हे सोनाबाईला कळलं नाही.

"काय योगायोग!" जयाबाई सौम्या मॅडमच्या पदराला हात लावत म्हणाल्या. "अगदी सेम काठ. कुठनं घेतलात?"

सौम्या मॅडम गप्प राहिल्या. बोलायचं नाही हेच तर त्यांचं काम होतं. पण सोनाबाई पुढं झाली. तिला राहवलंच नाही.

"योगायोग न्हाय ओ, बाई! दोन्ही माझ्याच हातच्या. एका ताण्याच्या बहिणी. तिसरी अजून मागावर हाय."

"वा!" मारुतीराव सर हसले. "आमचं ठीक आहे, आम्ही गाईड. पण सौम्या मॅडमना कशाबद्दल?"

"आई," ऋतिकानं तिचा हात धरला.

"असू दे गं, लाजतीस कशाला? सर, दोन वर्सं माझी पोरगी झोपत न्हवती. जेवत न्हवती. ह्या मॅडमच्यात जाऊन मन मोकळं करती तवापास्नं मानसात आली बघा. तासतासभर बोलती म्हनं."

"असं?" सर ऋतिकाकडं बघत म्हणाले. "तासतासभर? इतकं काय बोलण्यासारखं असतं?"

ते हसतच होते. फक्त ते, आणि सोनाबाई.

बसमध्ये ऋतिकानं खिडकीबाहेर बघत आईला सगळं सांगितलं. वडगाव येईपर्यंत तम्मण्णाला एकही थट्टा सुचली नाही.

सर रागावले वगैरे नाहीत. त्यांनी ऋतिकाला चहा पाजला आणि म्हणाले, "तुझी तब्येत आधी. अशा मनःस्थितीत प्रबंध कशाला? एक वर्ष विश्रांती घे. मी स्वतः केंद्राला कळवतो." मग केंद्रानंही पत्र देऊन विश्रांतीच सुचवली. खाली सौम्या मॅडमची सही होती. ऋतिका पडद्याआड गेली तेव्हा मॅडम खाली बघत म्हणाल्या, "माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, ऋतिका." आणि त्याच रडल्या. ऋतिकानं त्यांना पाणी दिलं.

आठवडाभरानं जयाबाईंचा फोन आला. आवाज साखरेचा. "सोनाबाई, ती तिसरी मागावर आहे म्हणालात ना, ती आमच्या सुनेला हवी. सर म्हणत होते, ऋतिकाचं प्रकरणही आता बघायला घ्यावं. उगाच विश्रांती कशाला, नाही का?"

सोनाबाईनं फोन खाली ठेवला आणि मागावर जाऊन बसली. साडी अर्ध्यावर आली होती.

"काठ बदलू?" ती लेकीला म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "न्हाय बदलत. काठ ताण्यातच असतोय. कापूनच टाकावं लागंल."

"कापू नको," ऋतिका म्हणाली. "विण. दे त्यांना."

"ती तुजी हाय गं."

"माझं चौथं प्रकरण त्यांच्या टेबलावर हाय, आई. माझी सहा वर्सं हैत त्या टेबलावर. दे."

सोनाबाईनं विणली. हात तसाच चालला, काठ तसाच सरळ आला. एखादा दोरा सैल सोडावा असं तिच्या मनात येऊन गेलं, पण तिच्या हाताला ते जमलं नाही. घडीवर तिनं हळदीकुंकू लावलं नाही. ऋतिकानं साडी लॅपटॉपच्या बॅगेत घातली आणि गेली.

चौथं प्रकरण दोन दिवसांत परत आलं. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला होता, खाली सही होती.

विद्यापीठाच्या दारावर केंद्राचा मोठा फलक लागला. त्यावर तोच फोटो. दोन जांभळ्या साड्या, मधे ऋतिका, वर अक्षरं: आम्ही तुमच्या पाठीशी.

"ऋणनिर्देशात काय लिहू?" ऋतिकानं एकदा विचारलं. "ज्यांच्यामुळं प्रबंध पुरा झाला त्यांची नावं लिहायची असतात."

"जांभळ्या साड्यांचं लिव," तम्मण्णा म्हणाला.

पुढचा ताणा सोनाबाईनं हिरवा चढवला. तम्मण्णानं सवयीनं विचारलं, "पैली कुणाची?"

"बाजाराची," ती म्हणाली. "दुसरी बी. सगळ्या बाजाराच्या." आणि तिनं माग चालू केला.