दुखतंय की नाही

"दुखतंय की नाही?" वॉर्डच्या डॉक्टरांनी मोठ्यानं विचारलं. बंडूला समज कमी होती, ऐकू चांगलं येत होतं. पण आमच्याकडे सगळे त्याच्याशी ओरडूनच बोलत.

"नाही," बंडू म्हणाला.

"बघा. तीन दिवस हेच चाललंय. गॅसेस असणार. सिस्टर, याला दुपारी घरी सोडा, मला खाट हवीय."

खाटेच्या पायाशी त्याची मोठी बहीण उभी होती. शाळेचे गणवेश शिवून दोघांचं भागवणारी बाई. ती म्हणाली, "डॉक्टर, तीन दिवस जेवला नाहीये तो. पोटाला हात लावू देत नाहीये."

"अशा पेशंटचं असं असतंच हो," म्हणत डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

मी वैतागले होते, पण डॉक्टरांवर नाही, हे कबूल करायला हवं. बहिणीवर. वॉर्डात चोवीस पेशंट, आम्ही दोघी नर्स, आणि ही सकाळपासून एकच पाढा वाचत होती. त्रेचाळीस वर्षांचा बंडू मात्र गुणी. हूं नाही की चूं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असा शहाणा पेशंट पाहिला नाही, असं मी चारचौघींना सांगूनही टाकलं होतं.

घरी सोडायचं तर पोटात काहीतरी जायला हवं, म्हणून मी विचारलं, "बंडू, चहा घेणार की दूध?"

"दूध."

दूध आणलं तर त्यानं तोंड फिरवलं. माझं डोकं सणकलं. "अरे, आत्ताच म्हणालास ना? एकदा काय ते ठरव. दूध की चहा?"

"चहा."

"त्याला असं विचारू नका, सिस्टर," बहीण थकलेल्या आवाजात म्हणाली. "तो शेवटचा शब्द उचलतो. लहानपणापासून."

मी कप खाली ठेवला. मग वाकून हळूच विचारलं, "बंडू, दुखत नाही की दुखतंय?"

"दुखतंय."

या उत्तरालाही काही अर्थ नव्हता. पण मग आधीच्या 'नाही'लाही नव्हता.

"ताई, हे आधी सांगायचं नाही का?"

"कधी सांगू? मी तोंड उघडलं की तुम्हीच म्हणता, त्याला बोलू द्या."

म्हणत होते खरी. पेशंटला विचारावं, नातेवाइकांना नाही, असंच आम्हाला शिकवलेलं. मी विचारलं, "मग दुखतंय हे तुम्हाला कळतं कसं?"

"गप्प होतो. एरवी याच्या तोंडाला कुलूप नसतं. माझ्या शिलाई मशीनशीसुद्धा गप्पा मारतो."

मी त्याची फाइल उघडली. रोज सकाळी मी त्याला विचारायचे, "दुखत नाही ना?" तो म्हणायचा, "ना." आणि मी लिहायचे, वेदना शून्य. तीन सकाळी, तीन शून्यं, खाली माझी सही. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

मी फाइल घेऊन डॉक्टरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, उगाच राईचा पर्वत करताय."

"सोनोग्राफी झाल्याशिवाय मी याला सोडत नाही. माझी तक्रार करायची तर करा."

अपेंडिक्स फुटलं होतं. पोटात पू झाला होता. तासाभरात त्याला ऑपरेशनला घेतलं. सर्जन बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "घरी गेला असता, तर परत आला नसता."

बंडू एकोणीस दिवस राहिला आणि वाचला. मला कुणी चकार शब्दानं बोललं नाही. उलट हेडसिस्टरनी मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं, डॉक्टरांनीही टाळ्या वाजवल्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

घरी जायच्या दिवशी त्याची बहीण माझ्या टेबलाशी आली. "सिस्टर, त्या तीन दिवसांच्या कागदांची झेरॉक्स मिळेल?"

"तक्रार करणार आहात? करा. मी नाही म्हणणार नाही."

"तक्रार कशाला? तुम्ही वाचवलंत त्याला." ती तोंडभर हसली. "पण पुढच्या वेळी दुसरा दवाखाना असेल, दुसऱ्या सिस्टर असतील. माझं कोण ऐकणार? हा कागद दाखवीन."

अर्ज लिहून घेतला, हेडसिस्टरची सही आणली आणि मी स्वतःच मशीनवर प्रती काढल्या. तिने त्या उजेडात धरून बघितल्या. दुसऱ्या पानावरची माझी सही जरा पुसट आली होती.

"हे नीट दिसत नाहीये," ती म्हणाली.

मी ते पान पुन्हा काढून दिलं.