पायांवरचा प्रायमर

"घासा, घासा. सालटं निघेपर्यंत घासा," बायको दारातून म्हणाली.

पेंटर मोरीत स्टुलावर बसून नडग्यांवर टर्पेंटाइनचा बोळा फिरवत होता. आदल्या दिवशी त्याने एका लोखंडी फाटकाला रंगाआधीचा लाल प्रायमर मारला होता आणि आज दोन्ही पायांवर बारीक लाल ठिपके उठले होते. हिशेब सरळ होता. उभ्या आयुष्यात त्याच्या अंगावर रंगाशिवाय दुसरं काही उमटलेलं नव्हतं; लग्नाच्या फोटोतही त्याच्या कानाला पांढरा डिस्टेंपर आहे.

"फाटक रंगवताना पॅन्ट घातली होती ना?"

"घातली होती की."

"मग रंग काय पॅन्टच्या आतून उडाला?"

पेंटरने या प्रश्नाचा नीट विचार केला आणि नवा बोळा घेतला.

संध्याकाळपर्यंत ठिपके मांड्यांवर चढले, घोटे सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली. तेव्हा मात्र त्याने बोळा खाली ठेवला. तिथवर प्रायमर पोचत नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांवर काच दाबून पाहिली. ते फिके पडेनात; रक्त कातडीखाली झिरपलं होतं.

"मध्यंतरी घसा धरला होता?"

"धरला होता. आपोआप बराही झाला."

"घसा बरा झाला. पण त्या जंतूंशी लढायला शरीरानं जे सैन्य उठवलं, ते आता तुमच्याच बारीक रक्तवाहिन्या सुजवतंय. कातडीतल्या आणि मूत्रपिंडातल्या."

"म्हणजे पाहुणे गेले आणि घरचेच भांडी फोडतायत."

"फोडतायत. आणि यातली काही भांडी परत मिळत नाहीत."

पेंटर हसायला निघाला होता, तो वाटेतच थांबला.

मूत्रपिंडाचा कणभर तुकडा काढून तपासला गेला. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं. गोळ्यांनी त्याचा चेहरा पुरीसारखा फुगला. "मला बघायला आलात तेव्हा असे गुबगुबीत दिसला असतात, तर आईनं एवढे आढेवेढे घेतले नसते," बायको म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आवाज करत लावत बसली.

काही आठवड्यांत ठिपके गेले. पेंटर पॅन्ट गुडघ्यापर्यंत वळून, ऐटीत तपासणीला गेला.

"बघा बाई, लख्ख! उद्यापासून शिडीवर?"

बाई पायांकडे बघतच नव्हत्या. रिपोर्ट बघत होत्या. "कातडी सुधारली. लघवीतून प्रथिनं अजून जातायत, रक्तदाबही चढलाय. वर चक्कर आली म्हणजे?"

घरमालकांना तो जन्मभर ऐकवत आला होता: आत ओल असली की वरून कितीही हात मारा, भिंत रंग धरत नाही. ते कधीच ऐकत नसत. पेंटरने वळलेली पॅन्ट खाली सोडली.

"शिडी कायमचीच बंद?"

"आत्ता तरी बंद. पुढचं मूत्रपिंडं ठरवतील."

पुढचं काम एका दवाखान्याच्या जिन्याचं होतं. दोन रंगांच्या मधोमध पट्टा ओढायचा होता. हात जराही न हलू देता असा पट्टा ओढणं ही पेंटरची खासियत. शिडीवर मेव्हणा चढला.

"दाजी, सरळ येतोय ना?"

"सापाला लाजवशील. उतर, मी—"

पेंटरचा हात शिडीच्या दांडीवर गेलाच होता. मग त्याने सर्वांत खालच्या पायरीवर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"नको उतरूस. पूस, आणि परत मार. मी आहे खाली."