गब्बू आणि रविवारचा काढा

पंचफुलाआत्याच्या घरात रविवार काढ्याचा असायचा. चिरायता रात्री भिजत घालायचा, सकाळी उकळायचा आणि घरात जो कुणी असेल त्याला पेलाभर पाजायचा. मग त्याला ताप असो की नसो. आत्याचा हिशेब सरळ होता. औषध कडू म्हणजे गुणाचं, आणि पिणाऱ्याचं तोंड वाकडं झालं म्हणजे ते लागू पडलं. मी दोन वर्षं दर रविवारी तोंड वाकडं केलं आणि त्या दोन वर्षांत आजारी पडले नाही, हेही खरं.

आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अकोल्यात डाबकी रोडला दोन खोल्यांत राहायची, अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी पोरांची खिचडी शिजवायची आणि बाराला घरी. बोलणं असं की ऐकणाऱ्यानं दोन पावलं मागं सरकावं. आमच्या बार्शीटाकळीजवळच्या गावात कापसानं लागोपाठ तीन वर्षं दगा दिला तेव्हा बाबांनी मला तिच्याकडं पाठवलं. म्हणाले, आम्हाला येत होतं ते सगळं करून झालं, आता तू कृषी विद्यापीठात जाऊन काही नवं शिक. दोन हजार पाच साल होतं ते. मला पाहून आत्या म्हणाली, "आली का? हात धू. लय वाळली." झालं माझं स्वागत.

वर्गात माझ्या शेजारी सबीहा बसायची. दुसऱ्या वर्षी तिच्या मामूनं कुवेतहून दोन व्हिडीओ गेम आणले, हातात धरून खेळायचे, तळहाताएवढे. एक तिच्या भावाचा, शाकीबचा. तो अमरावतीला इंजिनीअरिंगला होता. दुसरा सबीहाचा, पण तिला त्यात काडीचा रस नव्हता, म्हणून तिनं तो मला दिला. "घे, नायतर आमच्या घरी उशीखाली पडून राहीन," म्हणाली.

खेळ होता जनावरांच्या लढाईचा. आपण एक विचित्र प्राणी पाळायचा, त्याला घेऊन गावोगाव फिरायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचं. माझ्या वाट्याला आला तो खारीसारखा, पण गोल, भल्या मोठ्या पोटाचा. मी त्याचं नाव गब्बू ठेवलं. गब्बूला धडक मारता यायची, चावा घेता यायचा, आणि त्याचा एक खास वार होता. त्याचं नाव इंग्रजीत होतं, मी त्याला जिव्हाळा म्हणायचे. बाकीच्या वारांची ताकद ठरलेली. जिव्हाळ्याची नाही. गब्बूचा तुमच्यावर जितका लोभ, तितका तो वार जोरात बसायचा. सोबत घेऊन चाललं की लोभ वाढायचा, मार खाऊन बेशुद्ध पडला की थोडा कमी व्हायचा. खेळातल्या एका गावात एक म्हातारी होती. तिच्याकडं प्राणी नेला की ती एका वाक्यात सांगायची, ह्याचा तुमच्यावर जीव आहे की नाही. चार महिन्यांनी ती मला म्हणाली, "हा तुमच्यावर जीव टाकतो." मी बसमध्ये होते. भर बसमध्ये मी हसले आणि शेजारच्या बाईनं पदर सावरला.

दिवाळीच्या सुट्टीत शाकीब अकोल्याला आला आणि पंचाईत झाली. त्यानं अमरावतीच्या फुपीच्या, म्हणजे त्याच्या आत्याच्या, मुलाला गेम द्यायचा शब्द दिला होता, आणि द्यायचा तो माझ्याकडचा. तो पोरगा आधीचं सगळं पुसून नव्यानं सुरुवात करणार.

"म्हंजे गब्बू?" मी विचारलं.

"गब्बू गायब," शाकीब म्हणाला. तसा तो भला माणूस. माझा चेहरा पाहून ओशाळला. "असं करू. मी परत जायच्या आधीच्या रविवारी एक लढत. तुझा गब्बू, माझा टँकर. तू जिंकली तर गेम तुझा, फुपीच्या पोराले मी माझा दिईन. हरली तर रडायचं नाई."

टँकर म्हणजे त्याचा दगडी कासव. त्याच्या पाठीवर गब्बूची धडक म्हणजे गुदगुल्या. त्याला हरवायचं तर एकच वार होता, आणि तो माझ्याकडं पक्का होता. मी हो म्हटलं.

मधल्या आठ दिवसांत मला गावी जायचं होतं. त्या वर्षी पाऊस धड झाला होता, कापूस फुटला होता आणि वेचायला माणसं मिळत नव्हती. गेम शेतात नेला तर धूळ जाऊन बिघडेल, म्हणून मी तो आत्यापाशी ठेवला. कुठलं बटण दाबल्यावर गब्बू चालतो, शेवटी काय दाबलं की सगळं जपून राहतं, पिशवी कुठं उघडते, सगळं शिकवलं. "बस्स रोज थोडं चालव, आत्या. चालवलं की तो खूश होतो."

"अन् त्याले बरं नसलं तं?"

"पिशवीत औषधं आहेत," मी सांगितलं. चूक तिथं झाली, आणि ती माझी होती.

मंगळवारी परत आले. हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते, पण गावच्या घरात कापसाचे ढीग पाहून मन भरलं होतं. आत्यानं गेम पदरानं पुसून हातात दिला. "चांगला सांभाळला. दोनदा गवतात पडला बापा, लय मार बसला त्याले. पन मी औषध देल्लं. मंग रोजच देल्लं."

"कुठलं औषध?"

"ते हिरव्या बाटलीतलं. चांगलं लागू पडलं. घेताना असं तोंड वाकडं करे!"

हिरव्या बाटलीत त्या खेळातलं कडू मुळीचं औषध असायचं. जखम लगेच भरायची, पण प्राण्याला ते अजिबात आवडायचं नाही आणि दर घोटाला त्याचा लोभ कमी व्हायचा. मी धावत गब्बूला म्हातारीकडं नेलं. म्हातारी म्हणाली, "हा तुम्हाला घाबरतो."

मी तापट आहे. बाबांवर गेलेय असं म्हणतात, पण खरं तर आत्यावर गेलेय. मी ओरडले, "तुले सगळ्यायले कडूच पाजता येते! तुयावर कोन माया करन अशानं?"

एरवी आत्यानं मला फटकारलं असतं, आणि ते परवडलं असतं. आता ती उठली आणि चुलीजवळ जाऊन पीठ मळायला लागली. मला तेव्हाच वाटलं होतं की माफी मागावी. मागितली नाही. गेममधल्या गब्बूच्या माहितीच्या कार्डावर चाललेल्या पावलांचा आकडा असतो, तो रागारागात पाहिला, एकसष्ट हजार. चार महिन्यांची एकसष्ट हजार पावलं आठ दिवसांत कडू झाली, असं म्हणून मी गेम फडताळावर ठेवून दिला. बिघडलेलं दुरुस्त करण्यापेक्षा रुसून बसणं मला जास्त चांगलं जमतं.

बुधवारी कॉलेज उघडलं. सकाळी दहाला निघायचं, पाच-साडेपाचला परत. चार दिवस आत्या आणि मी कामापुरतं बोललो. भाजी कुठली, किल्ली कुठं. संध्याकाळी यायचे तर ती पाटावर बसून कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून असायची. मी काय झालं म्हणून विचारलं नाही. शनिवारी गेम खाली काढला तर बॅटरी संपलेली. पडून पडून उतरली असेल असं समजून मी तो चार्जिंगला लावला. म्हातारीकडं पुन्हा जायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी दुपारी सबीहाच्या घरी गेले. तिच्या अम्मीनं चहा आणि खारी ठेवली. शाकीबनं दोन्ही गेम वायरनं जोडले आणि लढत सुरू झाली.

टँकरनं पहिल्याच फटक्यात गब्बूचा निम्मा जीव काढला. मी धडक मारली, कासव हललाही नाही. चावा घेतला, गब्बूचेच दात दुखले. दुसऱ्या फटक्यात गब्बूचा जीव बोटभर उरला. सबीहा माझ्या खांद्याला धरून बसली होती. "वो वाला मार ना," म्हणाली. तिला काय माहीत. घाबरलेल्या प्राण्याचा जिव्हाळा म्हणजे फुंकर. पण दुसरं काही उरलंच नव्हतं. गब्बू, चुकलं माझं, असं मनात म्हणत मी बटण दाबलं आणि डोळे मिटले.

सबीहाची किंकाळी ऐकून उघडले. टँकर पाठीवर आडवा होता, चारही पाय वर.

"हे कसं काय?" शाकीबनं माझ्या हातातला गेम ओढून घेतला. "एका वारात? याचा तर पुरा लोभ भरलेला दिसते." त्यानं कार्ड उघडलं आणि तोंडानं शीळ घातली. "एक लाख तीन हजार पावलं! कोन चाललं एवढं?"

मी आकडा पाहिला. मंगळवारी एकसष्ट होते. बॅटरी आठवली. मिठाचं पाणी आठवलं. अम्मी चहा पुन्हा गरम करू का विचारत होत्या, पण मी गेम घेऊन उठले होते.

गल्लीच्या तोंडाशी मनकर्णाकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या, आमच्या शेजारीण. मला पाहून म्हणाल्या, "काहून व सीमा, तुया आत्यानं काही नवस केला का? चार दिवस झाले, दुपारभर अंगनात येरझाऱ्या मारते. नळापासून शेवग्यापर्यंत अन् शेवग्यापासून नळापर्यंत. हातात काय धरते अन् त्याच्याशी बोलते का काय!"

आत्या दारात मेथी निवडत होती. पायात चप्पल नव्हती, टाचांना तेल लावलेलं दिसत होतं. तिनं वर पाहिलं. "हारली का?"

"जिंकली."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीकडं वळली.

मी तिच्याजवळ खाली बसले. "आत्या, गब्बू बसून पन चालते. नुसतं बटन दाबाचं असते. तुले चालाची गरज नव्हती."

"मले मालूम हाये. आधी आठ दिवस बसूनच चालवलं." तिनं एक काडी मोडली. "बसल्या बसल्या कुठं माया होते? मनून संग चालली. त्याले सांगतलं बी, बापा, मले कडूच येते देता, पन तुया भल्यासाठीच देल्लं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. "मी लय वाईट बोलली तुले. चुकली मी. मले दोन वर्षं तूच सांभाळलं."

"हो, बोलली खरी," आत्या म्हणाली. "मेथी निवड आता. रडून भाजी होत नाई."

मी निवडायला घेतली. मग लक्षात आलं, आज रविवार, आणि चुलीवर काढ्याचं भांडं नव्हतं. सकाळीही नव्हतं. विचारलं तर आत्या मेथीकडंच बघत म्हणाली, "तुले आवडत नाई ना. आता नाई करत."

"कर," मी म्हटलं. "चिरायता मी भिजवते."

"आता कधी भिजन? तसाच उकळतो." ती इतक्या लगबगीनं उठली की मेथीची जुडी मांडीवरून खाली पडली.

काढा नेहमीपेक्षा कडू झाला होता. मी पेला एका दमात संपवला आणि हट्टानं तोंड सरळ ठेवलं, तिला दाखवायला की मला आवडला. आत्या माझ्याकडं पाहत राहिली आणि तिच्या कपाळावर आठी आली.

"तोंड वाकडं कर व पोरी," ती काळजीनं म्हणाली. "नाई तं लागू कसा पडन?"

मी तोंड सोडलं तर ते आपोआप वाकडं झालं. आत्याचं समाधान झालं. तिनं पेला विसळून ठेवला, फडताळाकडं पाहिलं, मग माझ्याजवळचा गेम घेतला आणि पदरानं पुसला. "आज फिरला नसन हा," म्हणाली, आणि अंगणात गेली. मी चपला घातल्या आणि तिच्या मागं निघाले.