चांदीची डबी

देवणीत विरूपाक्ष आप्पांच्या ओसरीवर लातूरचा एक सिनेमावाला बसला होता. कपाळी भस्म, गळ्यात लिंगायत इष्टलिंग ठेवतात तशी चांदीची डबी, ओठी "शरणु शरणार्थी" असा नमस्कार. सिनेमात पैसा लावा, वर्षात दुप्पट, म्हणत होता. दुकान विकून आलेल्या सगळ्या रकमेच्या चेकवर आप्पांनी सही केली.

"वकिलाला कागद दाखवा म्हणलं, तर भस्म बघून भुललाव," आप्पांची बायको बसम्मा कुजबुजली.

"आपला माणूस हाय गं. तुला तर जावईबी चोरच दिसला हुता!"

जात्यात खडा यावा तसं बसम्माचं काळीज करकरलं. तिनं पाहुण्याच्या जेवणाच्या पाटापुढं पाणी आणि बेल ठेवला. "सायेब, आमच्यात लिंगपूजा केल्याबगर ताट वाढत न्हाईत."

"सकाळीच झाली, अक्का."

"मंग आम्हाला दर्शन तरी घडवा."

त्याची बोटं डबीवर अडखळली. झाकण निघेना, तेव्हा आप्पांनीच भक्तिभावानं ते फिरवलं. आत सोनाराची किमतीची चिठ्ठी तशीच होती. लिंग नव्हतंच.

पाहुण्याचं हसू विझलं. त्यानं हात पुढं केला. "सही झालीय, आप्पा. चेक द्या."

आप्पांनी चेकचे तुकडे केले. पाहुण्यानं बाहेर बघून शीळ घातली. रस्त्यावर उभ्या त्याच्या गाडीची दारं उघडली आणि त्याच्या माणसांची जड पावलं ओसरीकडं येऊ लागली.