तांब्याचा कीस

मी एक कार्बुरेटर आहे. पेट्रोल आणि हवा मिसळून मोटारीच्या इंजिनाला पाजणं, हे माझं काम. बऱ्हाणपूरच्या मोतीलाल शेठांच्या खंडव्याला जाणाऱ्या बसवर मी आहे. लोक माझी तारीफ करतात, तेव्हा मला लाज वाटते. का, ते सांगतो.

या बसचं इंजिन सहा सिलिंडरचं, सहाही एका रांगेत. आधीचा कार्बुरेटर लहान, त्यातून सिलिंडरांकडे जाणारा नळही अरुंद. पंगतीत वाढप्या मधेच थांबावा, तसं मधल्या सिलिंडरांना पोटभर मिळे आणि टोकाचे अर्धपोटी राहत. वाटेतल्या असीरगढच्या चढावर बस धापा टाकायची.

१९३८ साली निंबा मिस्त्रीने मला इंदूरहून आणलं. तिथे मी एका संस्थानिकाच्या मोडीत निघालेल्या गाडीवर होतो. निंबाने नवा रुंद नळ घडवला, कानशीने घासून त्याचं तोंड माझ्याशी जुळवलं, पेट्रोलसाठी तांब्याची नळी कापून बसवली. मोठा कसबी माणूस! पण दुसऱ्या दिवशी बाजार, आणि भरलेली बस चढावर पळवून दाखवायची त्याला हौस. कापलेली नळी धुवायची राहूनच गेली.

बस अशी चढली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. निंबाबरोबर मीही फुगलो.

पंधरा दिवसांनी, भर उन्हात, त्याच चढावर मी गुदमरलो. नळी कापताना आत राहिलेला तांब्याचा कीस माझ्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल येण्याच्या सुईएवढ्या छिद्रात, अडकला होता. माणसं पायी निघाली. म्हाताऱ्या धुरपदाबाई चक्कर येऊन रस्त्यातच पडल्या. ड्रायव्हर यादवने त्यांना सावलीत नेलं, पाणी पाजलं, आणि थांबत थांबत बस कशीबशी परत आणली.

शेठ कडाडले, “निंबा, हेच का तुझं नवं काम?”

मला उघडूनही न बघता निंबा म्हणाला, “काम पक्कं आहे, शेठ. पेट्रोलमध्ये रॉकेल असेल. डबे कोणाच्या ताब्यात असतात, विचारा.”

डबे यादवच्या ताब्यात असत.

“निंबा, माझ्याकडे पाहून बोल,” यादव म्हणाला. निंबाने पाहिलं नाही. बारा वर्षं बस चालवणाऱ्या त्या माणसाला शेठांनी त्याच दिवशी काढलं, आणि तो दापोऱ्याला, आपल्या गावी, घरी बसला. लोक त्याला ‘रॉकेल्या’ म्हणू लागले. कोणी गाडी हाती देईना, म्हणून तो दुसऱ्यांच्या केळीत राबू लागला.

खरं काय ते मला ठाऊक होतं. पण मला वाचा कुठली?

कीस जेटमधून थोडा सरकला होता, म्हणून बस चालत राहिली. महिन्याभराने, नव्या ड्रायव्हरच्या हाती, मी पुन्हा अडलो. आता निंबाने मला उघडलं. कीस त्याच्या बोटावर चमकला. मग त्याने मला धुतलं, जोडलं, आणि कीस काडीपेटीत घालून गप्प बसला. चांगले आठ दिवस.

काडीपेटी त्याच्या बायकोला, सरुबाईला, सापडली. तिने विचारलं तेव्हा निंबाने सगळं सांगितलं.

ती एवढंच म्हणाली, “यादवभाऊंची लेक मंगला पाण्याला जाते तर बाया हसतात. तुम्हाला जेवण कसं जातं?”

दुसऱ्या दिवशी निंबाने मला इंजिनावरून उतरवलं, फडक्यात बांधलं आणि दापोरा गाठला. यादवच्या ओट्यावर त्याने मला आणि काडीपेटीला ठेवलं.

“यादवभाऊ, चूक माझी होती. तुमच्यावर ढकलली.”

यादवने माझ्याकडे पाहिलंही नाही. “मले काय सांगतो? मले तर माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांग. चल.”

ते दारोदार फिरले. प्रत्येक दारी निंबा मला दाखवून तेच सांगे. एका दारी तो उंबऱ्यावरूनच मागे वळला. यादव शांतपणे म्हणाला, “बोल, निंबा. मी उभा आहे.”

शेठांनाही त्याने सांगितलं. शेठांनी यादवला बोलावणं धाडलं, पण तो परत आला नाही. आता तो कापसाच्या एका जिनिंगवाल्याची लॉरी चालवतो. वाटेत भेटला तर बसबरोबर असलेला निंबा ती बाजूला घ्यायला लावतो. यादव मान हलवतो आणि पुढे जातो.

मी आता साफ आहे, चढ सहज चढतो. वाटेत कोणी कौतुक केलं की निंबा खाली बघतो, आणि मीही.

आमच्या बसमध्ये तुम्ही कधी बसलात तर एक कराल का? काही लोक यादवला अजून रॉकेल्या म्हणतात. तुमच्या कानावर आलं, तर त्यांना थांबवा आणि त्याचं नाव सांगा.