कागदाच्या दोन रेघा

जेवणानंतरची सुस्त दुपार होती. ऊन खिडकीतून सरळ टेबलावर उतरलं होतं आणि धाकटीच्या पापण्या जड झाल्या होत्या. व्यापार खात्याच्या त्या कार्यालयात तिच्यासमोर संगणकावर दोन रेघा होत्या. निळी आपल्या देशाची, पिवळी सीमेपलीकडच्या देशाची. कागद आणि पुठ्ठा कोणी कोणत्या वर्षी किती बाहेर पाठवला, याची तुलना साहेबांना हवी होती. आधी निळी कितीतरी वर होती. मग ती दमल्यासारखी उतरत गेली आणि पिवळी आळस झटकून चढत आली. दोघी एकमेकींना छेदत होत्या तिथवर नजर पोचली आणि धाकटीचा डोळा लागला.

झोपेत त्या रेघांच्या पायवाटा झाल्या. निळीवरून ती चालत होती, पिवळीवरून तिची ताई. दोघी शाळेच्या वयाच्या. वाटा जवळ आल्या, ताईने हात पुढे केला, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई दणकून शिंकल्या.

जागी झाल्यावर तिने रेघा छेदतात ते साल पुन्हा वाचलं. त्याच साली ताई घर सोडून गेली होती.

त्यांचे वडील, आप्पा, उभी हयात कागदाच्या गिरणीत राबलेले. गिरणीला उतरती कळा लागली तेव्हा ताई नवऱ्याबरोबर सीमेपलीकडच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात गेली. "समोरच्यांना जाऊन मिळाली!" म्हणत आप्पांनी तोंड फिरवलं, ते कायमचंच. घरात तिचं नाव काढायची सोय उरली नाही.

रात्री जेवणं उरकल्यावर धाकटीने छापून आणलेला तो आलेख आप्पांच्या मांडीवर ठेवला.

"आपण वर ना?" त्यांनी विचारलं.

"होतो, आप्पा."

चष्मा लावून ते निळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिले. दोन्ही रेघा भेटतात तिथे बोट थांबलं.

"थोरली कधी गेली गं?"

"याच साली."

आप्पांचे खांदे हलायला लागले. रडताहेत वाटून धाकटी घाबरली, पण ते हसत होते. "म्हणजे पोरीने एकटीने ती पिवळी रेघ वर ओढली म्हण की!"

"काहीतरीच काय! लाखो टन माल असतो तो."

"तुला नाही माहीत. लहानपणी लोखंडी कपाट एकटी सरकवायची." डोळे पुसत ते म्हणाले, "लाव फोन."

ताई कामावरच होती. पाठीमागे यंत्रांची संथ घरघर ऐकू येत होती. आप्पांनी बरंच काही ठरवलं असावं, पण तोंडातून निघालं एवढंच, "जेवलीस का?"

ताई यंत्रांपासून लांब गेली असावी, घरघर कमी झाली. मग तिचा आवाज आला. "नाही अजून."

"किती हा उशीर! आधी खाऊन घे."

"आप्पा, आमचाही माल हल्ली कमीच जातो बाहेर."

"जाऊ दे गं. सुट्टी काढ आणि ये."

ती आली तेव्हा धुक्याचे दिवस होते. दोघं बापलेक बस थांब्यावरून चालत घराकडे निघाली. नवं यंत्र किती रुंद, ओला पुठ्ठा वाळवायला किती वाफ लागते, असं ताई सांगत होती आणि आप्पा मान डोलवत होते. धाकटी मुद्दामच चार पावलं मागे राहिली. धुक्यात तिला त्यांच्या पाठी धड दिसत नव्हत्या, नुसतं बोलणं ऐकू येत होतं. घर मागे पडलं तरी दोघांपैकी कोणाच्या ते ध्यानात आलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.